तीन टायर, वैशाखऱ्याहून

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्या गाडीमागच्या भिंतीला टेकून, तीन टायर उभे आहेत. सेक्रेटरींनी दोनदा विचारलं, "मॅडम, हे कधी हलणार?" शेजारच्या काकांनी जरा जास्त डोकं चालवलं. "तीनच कसे? रिक्षा घेताय की काय?" मी हसले नाही, तेव्हा ते वर निघून गेले.

दिवाळीच्या सुट्टीत स्टाफरूममधले सगळे कुठे कुठे जाऊन आले, फोटो दाखवून झाले. मी दोन दिवस शहापूर आणि मुरबाड केलं. नाशिकहून कसारा घाट उतरला की लागणारे तालुके. फोटो एकही काढला नाही. त्या दोन दिवसांचं आता सावकाश लिहून काढते आहे, कारण तोंडी सांगायला घेतलं की मी मधेच थांबते.

आधी माझ्या छंदाबद्दल सांगायला हवं. मी शाळेत गणित शिकवते आणि महिन्यातल्या एखाद्या रविवारी ऑटोक्रॉस चालवते. एका बंद कारखान्याच्या डांबरी आवारात प्लास्टिकचे शंकू मांडायचे, त्यांच्यामधून एकेकानं गाडी पळवायची आणि घड्याळ लावायचं. शंकू पडला की वेळ वाढते. बक्षीस म्हणून प्लास्टिकचाच कप. वर्षातून एकदा खऱ्या ट्रॅकवर जायला मिळतं. 'पेट्रोल जाळून जिथून निघालो तिथेच परत येणं' अशी आमच्या घरच्यांनी याची व्याख्या केली आहे आणि ती चूक नाही.

या खेळात इंजिनापेक्षा टायरला महत्त्व. रेसच्या टायरचं रबर मऊ असतं, ते डांबराला धरून ठेवतं. पण ते तापतं, थंड होतं, पुन्हा तापतं, आणि प्रत्येक वेळी थोडं कडक होत जातं. शेवटी वरची नक्षी शिल्लक असते आणि आतला जीव गेलेला असतो. डोळ्यांना हे कळत नाही, म्हणून माझी एक पद्धत आहे. गाडीच्या कप्प्यात पांढऱ्या रंगाचं पेन असतं. टायर एक दिवस पळवला की त्याच्या कडेवर एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. तिसाच्या पुढे रेघा गेल्या की तो टायर मेला, मग नक्षी कितीही दिसो.

नवे टायर पगारात बसत नाहीत. त्यामुळे आम्ही सगळे हौशी लोक सवलतीच्या मागे असतो. कुठल्या टीमने टाकलेले, कुठल्या गोदामात पडून राहिलेले. एखाद्याला स्वस्तात सेट मिळाला की बाकीच्यांच्या पोटात दुखतं. माझ्याही दुखायचं.

शहापूर

आटगावाहून तानशाकडे वळलं की मुंबईला पाणी नेणारे थोरले पाइप दिसतात. त्याच रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बाळूशेठचा टायरचा धंदा आहे. आमच्या लोकांत बाळूशेठचा नंबर जपून दिला जातो. त्याची योजना साधी: जुने रेसचे टायर त्याला द्यायचे, नव्यावर सूट घ्यायची. गेल्या वर्षी मी माझे चार मेलेले टायर त्याला दिले होते.

तेव्हा मी विचारलं होतं, "याचं काय करता?"

"बैलगाडीला लावतात, ताई."

मी मान डोलावली होती. अख्ख्या तालुक्यात आता बैलगाड्या उरल्यात किती, हे काही मी विचारलं नाही. गणिताच्या बाईला हा प्रश्न सुचायला हवा होता.

या वेळी शेडच्या दाराशी एक माणूस पाटावर बसून गुळगुळीत टायरवर तापलेलं पातं फिरवत होता. पात्यामागून रबराच्या काळ्या पट्ट्या शेवेसारख्या गळत होत्या आणि जळका वास नाकात जात होता. टायरवर नवी कोरी नक्षी उमटत होती. इतका सरळ हात की मी त्याला म्हटलं, "चित्रकलेचे सर व्हायला हवं होतंत."

तो खूश झाला. "गाडीवाल्याला नक्षी दिसली पायजे, ताई. बाकी कोन बगतो?"

मी बघते. टायरच्या कडेवर ज्या आकड्यांत तो कधी बनला ते लिहिलेलं असतं, ते वाचलं. रबरात नख रोवलं. माझ्या मापाचा एकच सेट होता आणि तो माझ्या नोकरीइतका जुना वाटला. नख रुतेना. मी उठले, तसा बाळूशेठ चहा घेऊन आला.

"नाराज नका होऊ. तुमच्या मापाचे चार वैशाखऱ्याला हायत. रेसचेच. फारसे चाललेले नाय, गाडी पडून हाय. काशिनाथनाना म्हनून म्हातारा हाय, फोन करतो सारखा, घेऊन जा म्हनून. मला जायला टाइम नाय. तुमी थेट जाऊन घेतलेत तर अजून सस्त्यात पडतील."

अजून सस्त्यात. एवढे दोन शब्द ऐकले आणि मी माळशेजच्या रस्त्याचा नकाशा उघडला. घरी फोन करून सांगितलं की मुक्काम मुरबाडला. पलीकडून आवाज आला, "टायरसाठी?" मी फोन ठेवला.

किन्हवलीच्या अलीकडे

शहापूरहून किन्हवलीचा रस्ता भातशेतीतून जातो. कापणी चालली होती. आमच्या नाशकाकडे द्राक्षांचे मळे तारेच्या कुंपणात असतात, इथे शेताला बांध तेवढा. बांधावर डबे, पाण्याचे हंडे, झाडाला झोळी. एका शेतात वीस-पंचवीस माणसं ओळीनं वाकलेली दिसली तेव्हा वाटलं, मोठा जमीनदार दिसतोय. ते तसं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आणि टायर आणायला निघालेल्या बाईचा टायर पंक्चर झाला. त्याहून वाईट म्हणजे स्टेपनी घरी होती. आम्हा रेसवाल्यांना गाडीतलं वजन कमी करायची खोड असते. सगळ्यात आधी स्टेपनी काढतो आणि स्वतःला फार हुशार समजतो.

उन्हात दहा मिनिटं चाकाकडे बघत उभी होते. मग शेतातून दोघं आले, काही न विचारता जॅक लावला, चाक काढलं. एकानं ते मोटारसायकलवर मांडीवर घेतलं आणि दोघं किन्हवलीला गेले. मी बांधावर बसले. कापणीतल्या एका बाईनं मला तांदळाची भाकरी आणि वर सुक्या जवळ्याची चटणी दिली. "खा गो बाय, ते येतील." तासाभरात चाक आलं, बसलं. पंक्चरवाल्याला दिले तेवढेच पैसे त्यांनी घेतले. मी फार फार आभार मानले, तर मोटारसायकलवाला चिडल्यासारखा म्हणाला, "रस्त्यात मानूस उभा असला तर काय बगत बसायचं?"

मुरबाडच्या लॉजमध्ये पंखा कुरकुरत होता. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

टोकावडे

सकाळी टोकावड्याला रस्त्याकडेच्या ढाब्यावर चहा आणि कांदाभजी घेतली. समोरून घाटाकडे जाणारी एसटी गेली, तिच्यामागे गावातली पोरं धावली. मी ढाब्यावाल्याला विचारलं, वैशाखऱ्याला काशिनाथनानांचं घर कुठे.

त्यानं झारा कढईत तसाच ठेवला. "व्हॅनवाल्याचं?"

"व्हॅनचं माहीत नाही. टायर विकायचेत त्यांना."

"तेच. त्याचा पोरगा दिनेश. हितून मुरबाड भाडं मारायचा. श्रावणात वळनावर मोरीच्या कठड्याला ठोकली गाडी. सोता गेला, नि पुढं बसलेली यमुनाबाय गेली, गाववालीच." त्यानं भजी उलटली. "फास्ट चालवायचा. बाईला मारली त्यानं."

"कुणी पाहिलं का, फास्ट होती ते?"

"त्याचा बापच बोलतो, ताई."

चहा मी अर्धा सोडला. टायर अपघातातल्या गाडीचे आहेत हे बाळूशेठनं सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी तेव्हाही मागे फिरले नाही. मेलेल्या माणसाचे टायर अजून थोडे कमीत देतील, असं मनात येऊन गेलं. आलं ते आलं, इथे लपवत नाही.

वैशाखरे

गावात शिरताना सगळी शेतं मोकळी झालेली दिसली. कापून पडलेलं भात, बांधलेले भारे. मधेच एक तुकडा जसाच्या तसा उभा होता. लोंब्या वाळून लवल्या होत्या, दाणे खाली गळत होते, चिमण्या मनसोक्त खात होत्या. मी वाट विचारली त्या बाईनं त्याच शेताकडे बोट केलं. "ते त्यांचं. त्याच्या मागंच घर."

"कापलं नाही अजून?"

"कोन जाईल?" असं म्हणून ती निघून गेली.

इथली रीत मला मग नानांनीच सांगितली. मजूर लावत नाहीत. आज सगळे तुझ्या शेतावर, उद्या सगळे माझ्या. आदल्या दिवशी पाहिलेली ती पंचवीस माणसं म्हणजे एक गाव होतं. यमुनाबाई गेल्यापासून नानांच्या शेतावर कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. कुणी ठरवून वाळीत टाकलं असं नाही. फक्त त्यांची पाळी आली त्या दिवशी कुणी आलं नाही.

काशिनाथनाना सत्तरीचे, काटक, डोक्याला टॉवेल बांधलेला. ओटीवर त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली. सून सुरेखा पाण्याचा तांब्या ठेवून दाराच्या आत उभी राहिली. तिच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली व्हॅन होती. ताडपत्री पुढून आत गेलेली दिसत होती, तिकडे मी पुन्हा पाहिलं नाही.

"गाडी भंगारात जायची," नाना म्हणाले. "पन टायर चांगलं हायत. चाकं टोकावड्याला नेऊन उतरवून घेतले. वाया कशाला घालवायचं?"

त्यांनी पडवीतल्या टायरांवरचं गोणपाट काढलं.

वरच्या टायरच्या कडेवर पांढऱ्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. सहाव्या पाचाची आडवी रेघ खाली घसरली होती, कारण ती ओढताना मला शाळेतून फोन आला होता.

रेघा मोजायची गरज नव्हती, तरी मोजल्या. छत्तीस. वरून ताज्या खाचा पाडलेल्या, सरळ आणि सुबक. त्या दाराशी बसलेल्या माणसाचाच हात. मी नख रोवलं. पाटीवर नख दाबावं तसं ते घसरलं.

"त्या रेघा बगितल्यात का, बाय?" नाना शेजारी उकिडवे बसले. "रेसवाली मानसं टायर तपासतात. पास झाला का एक रेघ मारतात. असं शहापूरचा दुकानवाला बोल्ला. छत्तीस येळा पास झालेला टायर हाय. दिनेश सगळ्यांना दाखवायचा. यमुनाला पन दाखवलेलं. माझ्या गाडीत बस काकी, माझं टायर एकदम टॉप."

मी हात काढून घेतला आणि टायरपासून मागे सरकले.

"काय झालं? खराब हायत?"

"नाना, त्या दिवशी गाडी फास्ट होती?"

"व्हती ना. सगळी बोलतात. पोलिसाला मीच सांगितलं, पोराला फास्ट चालवायची खोड व्हती. खोटं कशाला बोलू? दुसऱ्याची बाई गेली."

दारातून सुरेखाचा आवाज आला. "फास्ट नव्हतं ते. पाऊस व्हता. गाडीत म्हातारी मानसं. मी किती येळा सांगितलं."

"गप गो."

"ब्रेक मारला तरी गाडी थांबली नाय, असं मागं बसलेल्या बाया बोलल्या की नाय?"

"गप बोल्लो ना."

तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतली. पण आत गेली नाही.

त्या क्षणी मी काय करू शकत होते ते मला लख्ख दिसत होतं. चार टायर गाडीत टाकायचे, पैसे द्यायचे, नाशकात जेवायला. रेघा कुणाच्या, हे या घरात कुणालाच कळणार नव्हतं. गाडीची किल्ली माझ्या मुठीत होती. मी ती मूठ उघडून बंद करून पाहिली, असं आठवतं.

मग मी सांगितलं. रेघा माझ्या आहेत. त्या पास झाल्याच्या नाहीत. टायर किती मेला ते कळावं म्हणून मी मारते. तिसाच्या पुढे तो रस्त्यावर चालवायचा नसतो, आणि पावसात तर मुळीच नाही. या खाचा नंतर कापल्यात, त्या फक्त दिसायला; रबर दगड झालंय, ते ओला रस्ता धरत नाही. असे टायर असले तर ओल्या वळणावर ब्रेक लागून उपयोग नसतो. गाडी बेताच्या वेगानं असली तरी सरळ जाते.

सुरेखा उंबऱ्यावर खाली बसली. नाना माझ्याकडे नाही, टायरकडे बघत होते.

"म्हंजे पोरगा फास्ट नव्हता?"

"फास्ट होता की नव्हता मला माहीत नाही, नाना. पण हे टायर असताना फास्ट असायची गरज नव्हती."

पोरीनं तांब्या कलंडवला, कुणी उचलला नाही.

"मी पोलिसाला सांगितलं," नाना म्हणाले. "मी सोता." मग ते उठले. टॉवेल सोडला, पुन्हा बांधला. "चला."

चार घरं पुढे यमुनाबाईंचा नवरा गोविंद अंगणात भात झोडत होता. भारा उचलायचा, फळीवर आपटायचा. नाना त्याच्या अंगणाच्या कडेला थांबले. आत पाऊल टाकलं नाही.

"गोविंदा, ही बाय काय बोलते ते आयक."

गोविंदनं भारा खाली ठेवला. मी सगळं पुन्हा सांगितलं. नववीच्या वर्गाला समजावते तसं, पायरी पायरीनं, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मला ते बोलता आलं नसतं. त्यानं मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर त्यानं हातावरचा भुसा झटकला.

"तुमाला म्हाईत व्हतं? टायर मेलेत ते?"

"हो."

"मंग इकलंत कशाला?"

वर्गात चाळीस पोरांच्या प्रश्नांना मी उत्तरं देते. इथे एकच उत्तर होतं आणि ते मला द्यावं लागलं.

"जुने दिले की नव्यावर सूट मिळत होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. हात उगारला असता तरी चाललं असतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. एवढ्यासाठी? असं काहीतरी होतं. मग त्यानं मान वळवली, आणि त्यानंतर त्याच्या लेखी मी तिथे नव्हते.

"काशिनाथदादा," तो म्हणाला, "भात किती रायलाय?"

"सगळाच."

"गळला आसंल निम्मा."

"गळला."

गोविंद घरात गेला आणि विळे घेऊन आला. बाहेर येताना त्यानं शेजारच्या दोन दारांत हाक मारली. नाना अजून कडेलाच उभे होते. गोविंदनं एक विळा त्यांच्या हातात दिला आणि दोघं शेताकडे चालायला लागले. आधी नाना पुढे होते. वळणावर गोविंदनं त्यांना गाठलं.

मी एकटी परत आले. आदल्या दिवशी रस्त्यात परक्या बाईचं चाक मांडीवर घेऊन गेलेली माणसं याच भागातली. आज मी पडवीतून अंगणापर्यंत टायर लोटत नेत होते आणि वाटेवरून विळे घेऊन जाणारे चौघं-पाचजण बाजूनं गेले. कुणी थांबलं नाही. थांबावं असं माझंही म्हणणं नव्हतं.

तीन टायर गाडीत बसले. चौथ्याला हात घातला तेव्हा सुरेखा पुढे आली. मी पर्स उघडली, तिनं मान हलवली.

"पैशे नको. हा एक हितं ऱ्हाऊ दे."

"कशाला? हे नका ठेवू घरात."

"पोरगी मोठी झाली का लोक तिला सांगतील, तुज्या बापानं बाई मारली. गावात बोललेलं पुसत नाय. तवा तिला दाखवीन." तिनं टायर उभा केला आणि रेघांवर बोट ठेवलं. तोच, घसरलेल्या रेघेचा. "ह्यांच्या खाली तुमचं नाव लिवा."

मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती, रागावलेलीही नव्हती. कडेवरची पोर माझ्या कानातल्याकडे हात करत होती.

गाडीच्या कप्प्यातून पांढरं पेन काढलं. गुडघे टेकून मातीत बसले. छत्तीस रेघांच्या खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली शाळेचं, त्याखाली गाव. फळ्यावर लिहिते तशा मोठ्या, स्वच्छ अक्षरात, म्हणजे पोरीला वाचायला येऊ लागलं की पहिल्या झटक्यात वाचता येईल.

रंग वाळेपर्यंत सुरेखानं टायर धरून ठेवला.